न जळणारं घर

चौऱ्याण्णवच्या जानेवारीत सटवाजीचं घर पूर्ण झालं. पंधरा-सोळा वर्षं रेंगाळलेलं काम एका दुपारी संपलं, दारावरचा शेवटचा दगड बसला, आणि घरात राहायला सटवाजी सोडून कोणी उरलं नाही.

हे विसरून जा. असं काही झालेलं नाही. घर पूर्ण झालेलं नाही, सटवाजीची बायको गीताबाई घरातच आहे, पोरगी सत्यशीला अजून अंगावर पिते आहे, साल अठ्ठ्याहत्तर आहे, आखाड सरत आलाय, आणि घर पळाट्यांचं आहे. कापूस वेचून झाल्यावर शेतात ज्या काड्या उरतात त्या पळाट्या. त्या उभ्या बांधायच्या, वरून शेणमातीनं लिंपायच्या, डोक्यावर गवत टाकायचं, की झालं घर. गरमीत गार, थंडीत गार, पावसात फारच गार.

घराच्या एका अंगाला बौद्धवाडा, त्यापलीकडं गाव, आणि दुसऱ्या अंगाला रेल्वेची लाईन. सटवाजी त्याच लाईनवर गँगमन होता. दिवसभर रुळाखाली खडी ठोकायची, आणि रात्री त्याच रुळावरून जाणाऱ्या गाडीनं घर हाललं की कूस बदलायची. मालगाडी आली की उतरंडीची मडकी एकमेकांशी बोलायची. पाहुणे दचकून उठायचे. घरचे उठायचे नाहीत. सत्यशीला तर अशी पोरगी होती, की रडताना गाडी आली तर मध्येच थांबून झोपून जायची. परभणीकडून गाडी लेट असली, की गीताबाई लाईनकडं बघून म्हणायची, "मेली आजून येईना. पोरीला झोपवावं कसं?"

मग विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचं ठरलं, म्हणून सटवाजीचं घर जळलं.

हे वाक्य तपासून पाहिलं आहे, त्यात चूक नाही. विद्यापीठ औरंगाबादला, घर पिंगळी स्टेशनाच्या पुढं, मध्ये गाडीचा अर्धा दिवस. सटवाजी चौथी पास. त्यानं विद्यापीठ पाहिलेलं नव्हतं आणि विद्यापीठानं त्याला. पण ठराव तिकडं झाला आणि काडी इकडं पडली. वाड्यातली बरीच घरं गेली. सटवाजी, गीताबाई आणि पोरगी ज्वारीत जाऊन पडले. ज्वारी गुडघ्याच्या जरा वर होती, म्हणजे बसलं तरी डोकं दिसायचं, म्हणून आडवंच पडावं लागलं. बांधावरून माणसं बोलत चालली होती. आवाज ओळखीचे होते, हीच तर पंचाईत. आणि तेवढ्यात सत्यशीलानं रडायला तोंड उघडलं.

तेव्हा मालगाडी आली. भुई थरथरली, पोरीनं तोंड मिटलं, आणि झोपली.

त्या दिवसापासून त्या तिघांच्या अंगात एक गोष्ट बसली, कोणी कोणाला न सांगता: भुई थरथरली म्हणजे आता सगळं ठीक आहे, झोपायला हरकत नाही.

दुसऱ्या दिवशी सटवाजी राखेत फिरला. उतरंड फुटलेली, दारं गेलेली, भिंतीवरचे बुद्धाचे आणि बाबासाहेबांचे कागदी फोटो गेलेले, लग्नातला पितळी तांब्या वाकडा झालेला. शाबूत होता फक्त पाटा, वरवंटा, आणि चुलीचे तीन दगड. सटवाजी पाट्यावर बसला आणि बराच वेळ विचार करून म्हणाला, "गीता, दगड जळत न्हाई."

"मग?" गीताबाई म्हणाली.

"मंजी, आता समदं दगडाचं."

माणसाला आयुष्यात एखादाच विचार येतो. सटवाजीला तो राखेत बसून आला, आणि मग तो काही गेला नाही.

घरासाठी सरकारकडून पत्रे मिळाले. तेवढ्यानं घर झालं असतं. वाड्यातल्या बाकीच्यांची झालीच. पण सटवाजीनं गीताबाईचा भाऊ दत्तराव याला चुडाव्याहून बोलावून घेतलं. दत्तराव गवंडी होता, आणि दाजींचा मान ठेवणारा होता.

"दाजी, भितीची रुंदी किती धरू?" दत्तरावनं विचारलं.

सटवाजीनं दोन्ही हात फाकवले.

"हे माप सांगायलात का मिठी मारायलात?"

"माप."

"आवं, एवढ्या भितीत एक मानूस ऱ्हाईल!"

"ऱ्हाऊ दे," सटवाजी म्हणाला. "त्याला बी आग लागणार न्हाई."

पगारातून उरलं की दगड यायचे, दगड आले की दत्तराव यायचा. दगड, चिखल, दगड. दीड वर्षात एक भिंत. भिंत होईपर्यंत बाकीच्या तीन बाजूंना पत्रे उभे करून संसार चालायचा, आणि भिंत झाली की संसार तिच्याकडं सरकायचा. अशा रीतीनं गीताबाई सहा वर्षांत स्वतःच्याच घरात चहूबाजूंनी फिरून आली.

पण दगड आणणं हा सुधारणेचा निम्मा भाग झाला. उरलेला निम्मा होता, जळणारं बाहेर काढणं. पहिली बाहेर गेली चूल.

"चूल भाईर?" गीताबाई म्हणाली. "आन् पाऊस आला मंजी?"

"भिजंल. जळणार तर न्हाई."

"चूल जळायलाच असती की ओ!"

सटवाजीनं यावर विचार केला, आणि चूल आणखी चार पावलं लांब नेली.

मग लाकडी दार गेलं, लोखंडी पत्र्याचं आलं. उन्हाळ्यात त्याची कडी अशी तापायची, की गीताबाईला पदरानं धरून ती काढावी लागे. न जळणाऱ्या घरात हात तेवढे रोज भाजायचे. मग बाज गेली, कारण बाजेला लाकूड आणि सुंभ, म्हणजे नुसतं निमंत्रण. तिच्या जागी दत्तरावनं भिंतीला लागून दगडी ओटा बांधून दिला. त्यावर निजल्यावर गीताबाई पहिल्याच दिवशी म्हणाली, "अवं, थडग्यावर झोपल्यावानी वाटायलंय."

"सवय होईल."

"तेच म्हनते मी."

खिडकी होती, ती बुजवली, कारण अठ्ठ्याहत्तर साली जे आत आलं ते खिडकीतून आलं होतं. गोधड्या पत्र्याच्या पेटीत गेल्या आणि झोपायच्या वेळीच बाहेर निघू लागल्या. सत्यशीला शाळेत जायला लागली, तेव्हा तिचं दप्तर आलं. दप्तरात कागद. सटवाजीनं दोन दिवस त्या दप्तराकडं, घरात साप शिरल्यागत पाहिलं, आणि तिसऱ्या दिवशी ते दारापुढच्या लिंबाला टांगलं. पोरगी अभ्यास लिंबाखाली करायची. पाचवीत तिचा पहिला नंबर आला, तर मास्तरनं निसर्गाच्या सान्निध्यात शिकणारी मुलगी म्हणून तिचं कौतुक केलं.

कागदी फोटो पुन्हा लावायचे नाहीत, हेही ठरलंच होतं. परभणीहून पेंटर बोलावून बुद्ध आणि बाबासाहेब सरळ भिंतीवरच काढून घेतले. बाबासाहेबांचा चष्मा एका बाजूनं किंचित वर गेला, पण नजर बरोबर आली. "आता काडी लावा म्हनावं," सटवाजी म्हणाला. त्या दिवशी तो खूश होता. असा तो फार वेळा नसे, म्हणून नोंद केली.

गीताबाई चुलीपाशी बाहेर बसली होती. तिथून तिनं विचारलं, "अवं सत्यशीलाचे बा, एक इचारू?"

"इचार."

"चूल भाईर काढली. बाज काढली. पोरीचं दप्तर काढलं. मानूस बी जळतंय. मला कवा काढता?"

सटवाजी हसला. ती हसली नव्हती, हे त्याला उशिरा कळलं, म्हणजे साधारण आठ वर्षांनी.

आता छप्पर. सरकारी पत्रा तापतो, आणि तापलेलं काहीही सटवाजीला आवडत नसे. त्यानं भंगारातले लोखंडी गर्डर आणले, त्यावर शहाबादी फरशा अंथरल्या, आणि त्यावर पांढरी माती टाकून माळवद केलं. माळवदाची आपल्याकडं रीत अशी, की दरसाल मिरगाच्या आधी वरची जुनी माती खरवडून काढायची आणि नवी पांढरी टाकून चोपायची, म्हणजे गळत नाही. सटवाजी नवी टाकायचा. जुनी खरवडायचा नाही. एवढी डोक्यावरून वाहून आणलेली, न जळणारी माती पुन्हा खाली टाकायची, याला त्याचं मन धजेना. वर्षाला एक थर, असं ते माळवद वाढत गेलं. लांबून पाहिलं तर घरानं मुंडासं बांधल्यासारखं दिसे, आणि मुंडासं दरसाल मोठं होई.

दत्तराव एकदा वर चढून, माळवदावर उभा राहून खाली ओरडला, "दाजी, ह्याच्यावर तूर पेरा! घर हाय का धरण हे?"

एकदा व्यंकटराव आले. हे गावातले मोठे जमीनदार, त्यांची म्हैस सुटून लाईनकडं आली होती. म्हैस लिंबाखाली सत्यशीलाच्या दप्तराचा वास घेत उभी होती. व्यंकटरावांनी घराला एक चक्कर मारली.

"सटवा, किल्ला बांधायलास का रे?"

"न्हाई मालक. घर."

"मग एवढ्या रुंद भिती कशापायी?"

"जळू न्हाई म्हून."

व्यंकटरावांनी वर आभाळाकडं पाहिलं. आभाळात काही नव्हतं, तरी बराच वेळ पाहिलं. "आता कोन जाळायलंय," ते म्हणाले.

"तवा बी कोनाला ठावं नव्हतं, मालक."

म्हैस रेकली. तिचे उपकार झाले.

"तुझा गवंडी चांगला हाय," व्यंकटराव म्हणाले. "आमच्याकडं पाठव. गोठ्याची भित अशीच करून घेतो."

"पाठवतो. च्या घ्या मालक."

"आत्ताच घेतला."

त्या बाजूला आले, की व्यंकटरावांनी चहा नेहमी आत्ताच घेतलेला असायचा. त्यांच्या वडिलांनीही आत्ताच घेतलेला असायचा.

असं त्र्याण्णव साल आलं. घराला आता करण्यासारखं फारसं काही राहिलं नव्हतं. भिंती चार, खिडकी शून्य, माळवद कमरेएवढं. दारावर एक दगड बसवायचा तेवढा बाकी होता. सटवाजी कधीकधी रात्री अंधारात भिंतीला हात लावून पाहायचा. गार. आत निजलेली बायको, निजलेली पोरगी, आणि बाहेरचं जग कितीही पेटलं तरी आत येऊ शकत नाही, एवढं सुख त्याला पुरायचं.

सप्टेंबर सरता सरता, एका पहाटे भुई थरथरली. उतरंड खणखणली. सटवाजीनं कूस बदलली. गीताबाईनं गोधडी वर ओढली. सत्यशीलाची झोप उलट आणखी गाढ झाली.

सकाळी सटवाजी लिंबाची काडी चावत बाहेर आला, तर वाड्यात कोणी नाही. गावात गेला, तर गावात कोणी नाही. सगळे शाळेच्या मैदानावर. वाडा आणि गाव एका मैदानावर, मध्ये अंतर न ठेवता, हे त्यानं जन्मात पहिल्यांदा पाहिलं. व्यंकटराव बनियनवर होते आणि त्यांच्या मांडीला मांडी लावून बौद्धवाड्यातली सुलाबाई बसली होती. चहाचं पातेलं फिरत होतं. व्यंकटराव घेत होते.

"काय झालं हो?" सटवाजीनं विचारलं.

"काय झालं! भूकंप झाला की!"

"कवा?"

पातेलं फिरायचं थांबलं. मग सुलाबाई म्हणाली, "आरं सटवाजी, भाईर कसं आला न्हाईस तू? समदं गाव बोंबलत पळालं!"

"मला वाटलं, मालगाडी."

गाव हसलं. पहाटेपासून भ्यालेली माणसं जशी हसतात तसं, पोटं धरून. व्यंकटराव खोकला लागेपर्यंत हसले. सटवाजीच्या मागं येऊन गीताबाई उभी होती. ती हसली नाही.

दुपारपासून रेडिओ सांगू लागला. लातूर-उस्मानाबादेकडं गावंच्या गावं गेली होती. तिकडं मदतीला जाऊन आलेली माणसं, पुढं कितीतरी दिवस पारावर बसून सांगायची, कशानं गेली ते. गीताबाई पाण्याच्या निमित्तानं तिथं थांबायची आणि ऐकायची. दगडाच्या भिती, म्हणायचे ती माणसं. चिखलात बांधलेल्या. रुंद. वर मातीचं माळवद, वर्षानुवर्षं चढवत नेलेलं. खिडक्या न्हाईत. एकच दार.

ती घरी आली आणि तिनं घराकडं पाहिलं. सटवाजी दारात बसला होता.

"अवं, ते आपल्याच घराचं सांगायलेत," ती म्हणाली.

"आपलं पडलं का पर?"

"आपल्याला कळलं का पर?"

सटवाजीनं बसल्या जागी भिंतीला हात लावून पाहिला.

"जाळायला आलेली मानसं दिसतात तरी," गीताबाई म्हणाली. "कुत्री भुकतात, बोलनं ऐकू येतंय, पळाया येतंय. आपुन पळालो. आन् ह्यात काय? माळवद अंगावर आलं असतं आन् आपुन गोधडी वर वढली असती. गाडी समजून मेलो असतो."

तिनं पेटीतून आपली गोधडी काढली आणि लिंबाखाली नेऊन टाकली. सत्यशीला तिच्यामागं गेली. तिला फारसं काही न्यावं लागलं नाही, तिचं दप्तर आधीच तिथं होतं.

सटवाजीला वाटलं, चार दिवस. मग येईल. चार दिवस झाले, दसरा झाला, दिवाळीची थंडी सुटली. तेव्हा त्यानं उपाय काढला. तो रेल्वेचा माणूस होता, गाड्यांचं टाइमटेबल आणून त्यानं सत्यशीलाला वाचायला लावलं. "हे बघ गीता, सोपं हाय. टायमाला भुई हालली, तर गाडी. बिनटायमाची हालली, तर भूकंप. पळायचं."

"आन् गाडी लेट असली?"

हा मुद्दा होता. पहिल्या आठवड्यात टाइमटेबलाच्या हिशेबानं परभणी जिल्ह्यात रोज सात-आठ भूकंप झाले. दुसऱ्या आठवड्यात एक पॅसेंजर अगदी वेळेवर आली, आणि ती कसली हे ठरवता न आल्यानं सटवाजी स्वतःच बाहेर पळाला.

दुसरा उपाय पेल्याचा. ओट्यावर पाण्यानं भरलेला पेला ठेवायचा आणि पाणी कसं हालतं ते पाहायचं. गाडीचं पाणी बारीक थरथरतं, भूकंपाचं डचमळत असणार. पण भूकंपाचं पाणी कोणी पाहिलेलं नव्हतं. पाहायची संधी होती, तेव्हा सगळे झोपलेले होते.

मग चुडाव्याहून दत्तराव आला. त्यानं हे घर बांधलं होतं, आणि आता घराकडं पाहताना तो चोरासारखा पाहत होता.

"दाजी, वरची माती उतरवा. निम्मी तरी. मी येतो संगं."

"मीच उतरवतो."

सटवाजी फावडं आणि टोपलं घेऊन वर चढला. फावडं मारलं, तर माती थराथरानं निघाली, आणि प्रत्येक थर त्याला ओळखू येऊ लागला. हा नव्वदचा, ह्या साली पोरगी पडली होती आणि हात मोडला होता. ह्याच्या खालचा काळपट, त्या साली पांढरी मिळाली नव्हती. त्याच्या खाली आणखी जुने, एकेका वर्षाचे, ज्या वर्षी काही जळलं नाही. प्रत्येक थर टाकला, आणि त्या साली काही जळलं नाही. हे कशामुळं, ते सांगता येत नव्हतं. पण थर काढून पाहण्याची हिंमत कोणाची? सटवाजीनं एक टोपलं भरलं, खाली आणलं, आणि लिंबाखाली रिकामं केलं.

"झालं?" गीताबाईनं विचारलं.

"सुरुवात केली."

पण त्याच आठवड्यात पुन्हा बोलणं सुरू झालं. विद्यापीठाच्या नावाचं आता नक्की होणार, संक्रांतीपर्यंत होणार. पारावर माणसं गप्प बसू लागली आणि वाड्यातलं कोणी जवळ आलं, की आणखी गप्प. वाड्यातल्या दोन घरांनी बायका-पोरं पाहुण्यांकडं धाडली. सटवाजीनं लिंबाखालची माती पुन्हा टोपल्यात भरली, वर नेली, आणि होती तिथं टाकून चोपून बसवली. वर थोडं पाणीही मारलं.

खाली गीताबाई उभी होती. दुसऱ्या दिवशी मायलेकी वाड्यातल्या सूर्यभानच्या शेतात गेल्या, कापूस संपला होता, आणि डोक्यावर भारे घेऊन आल्या. लिंबाला धरून त्यांनी खोप उभी केली. पळाट्यांच्या भिंती, वरून शेणमातीचं लिंपण, डोक्यावर गवत. दोन दिवसांत झाली. सटवाजी ड्युटीवरून आला आणि अंगणात येऊन थांबला. त्याच्या हातातला डबा तसाच राहिला.

"गीता," तो म्हणाला, "हे तर तेच हाय."

"व्हय."

"हे जळतंय."

"व्हय. पर अंगावर पडलं, तर झटकून उठता येतंय."

"ये गीते, त्या रातीला ध्यानात आन की जरा."

"त्या रातीला मी जित्ती निघाले," गीताबाई म्हणाली. "पळाट्याच्या घरातून निघाले. तुमच्या दगडाच्या घरातून निघायची खातरी द्या, आत्ता येते."

तेव्हापासून कारभार असा झाला: घर अंगणात आणि सटवाजी घरात. चूल, गोधड्या, दप्तर, पेटी, आणलेला बाजार, येणारे-जाणारे, सगळं खोपीपाशी. त्यानं पंधरा वर्षं जे जे जळतं ते बाहेर काढलं होतं, त्यात शेवटी घरचं माणूसही निघालं. आत उरला फक्त तो, दगडी ओटा, आणि भिंतीवरचे बुद्ध आणि बाबासाहेब. त्यांना हलवता येत नव्हतं. त्यामुळं गीताबाई रोज सांजच्याला वंदनेला यायची ती उंबऱ्याच्या बाहेर उभी राहायची आणि तिथूनच हात जोडायची. पहिल्या दिवशी सटवाजी ओट्यावर बसलेला होता. त्याला वाटलं आपल्यालाच, आणि तो उठून उभा राहिला. मग त्याच्या ध्यानात आलं, तो बाजूला सरकला.

पण खोप जळेल, ही भीती काही त्याच्या मनातून जाईना. रोज झोपायच्या आधी तो विहिरीवरून पाणी आणून खोपीवर मारायचा. गवत भिजायचं, पळाट्या भिजायच्या, गोधड्या भिजायच्या. पौषाची थंडी. सत्यशीला दहावीच्या वर्षात नाक ओढत अभ्यास करायची.

"बा, पुस्तकाची पानं चिकटायलीत!"

"चिकटू दे. वली हाईत तवर बरी हाईत."

"जळून मरत न्हाई ते बरं," आतून गीताबाई शिंकत म्हणायची. "न्युमोनियानं मरते."

संक्रांतीला सरकारनं जाहीर केलं. नाव पूर्ण बदललं नाही, जुन्याला नवं जोडलं. सोळा वर्षांनी का होईना, जोडलं. वाड्यात सुलाबाईनं गूळ वाटला. गाव गप्प होतं. गप्प म्हणजे कसं गप्प, ते ओळखण्यात वाड्याची हयात गेली होती, तरी या वेळी कोणाला ओळखता येईना.

दुसऱ्या दिवशी दुपारी दत्तराव आला, आणि त्यानं दारावरचा राहिलेला दगड बसवला. सटवाजीनं तो परभणीच्या पाथरवटाकडून कोरून घेतला होता, घरच्या कोणाला न सांगता. सरकारला नाव द्यायला सोळा वर्षं लागली, तर आपल्यालाही तेवढी लागली, यात काही कमीपणा नाही, असं त्याला वाटलं. नावानं एवढं सगळं पेटतं, तर नावानं एखादं माणूस घरात यायला काय हरकत आहे, असंही वाटलं.

"पोरी, काय लिवलंय?" गीताबाईनं खोपीतून विचारलं.

सत्यशीलानं वाचलं, "गीता निवास."

गीताबाई बाहेर आली. दगडाकडं पाहिलं. दत्तरावनं थापी खाली ठेवली. सटवाजीनं दार उघडं धरलं होतं. कडी हिवाळ्याची गार होती, हाताला काही झालं नसतं.

"चांगलं हाय," ती म्हणाली. "नाव आत ऱ्हाऊ द्या. मी हितंच बरी हाय."

"आता काय करू मंग मी?" सटवाजी म्हणाला. हे त्यानं ओरडून म्हटलं नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं. "सांग. काय करू मंजी येशील?"

गीताबाईला त्याची दया आली. ती उंबऱ्यापर्यंत आली, उंबऱ्यावर बसली, एक पाय बाहेर ठेवून. "भुई हालणार न्हाई, असं लिहून आना कोनाकडून," ती म्हणाली. "सह्या-शिक्क्याचं. मी येते."

"आन् मला खोपीचं लिहून आन तू," सटवाजी म्हणाला. "जाळणार न्हाईत म्हून. मी बी येतो."

तेवढ्यात लाईनवरून काहीतरी गेलं. भुई थरथरली. गीताबाई उठून अंगणात धावली, सटवाजी आत भिंतीला धरून उभा राहिला, आणि दत्तराव कुठं जावं न कळून उंबऱ्यावरच राहिला. गाडी होती. बहुतेक गाडीच होती.

मग सटवाजीनं लिंबाखाली बसून पोरीला वहीतलं एक पान फाडायला लावलं. तो सांगत गेला, सत्यशीला शाळेत शिकवलेल्या पद्धतीनं लिहीत गेली, आणि मध्येमध्ये गीताबाई चुलीवरून दुरुस्त्या करत गेली.

प्रति,
मा. तहसीलदार साहेब, परभणी.

विषय: घर न हालण्याबाबत व खोप न जळण्याबाबत.

महोदय,

अर्जदार रेल्वेत कायम नोकर असून अर्जदाराचे घर आज रोजी पूर्ण झालेले आहे. सदर घरास कोणत्याही प्रकारे आग लागू शकत नाही. शंका असल्यास साहेबांनी समक्ष येऊन लावून पाहावी. तथापि सदर घर लाईनलगत असल्याने भूकंप झाल्यास अर्जदाराच्या कुटुंबास तो कळून येत नाही, सबब अर्जदाराची पत्नी आवारातील पळाट्याच्या खोपीत राहते. सदर खोप भूकंपात पडल्यास झटकून उठता येते, परंतु सन अठ्ठ्याहत्तरप्रमाणे ती जळू शकते, सबब अर्जदार तेथे राहू शकत नाही.

तरी साहेबांनी सदर घराखालील जमीन हालणार नाही, अथवा सदर खोपीस गावातील कोणी आग लावणार नाही, यांपैकी कोणतीही एक हमी सही व शिक्क्यानिशी द्यावी. दोन्ही देणे सरकारला जड जात असल्यास एक चालेल. जमिनीची हमी मिळाल्यास पत्नी घरात येईल. गावाची हमी मिळाल्यास अर्जदार घर सोडून खोपीत जाईल, त्याबाबत अर्जदाराची तक्रार राहणार नाही. कोणती हमी देणे सोपे आहे, ते साहेबांनी ठरवावे.

अर्जदार व अर्जदाराची पत्नी यांना एका ठिकाणी झोपता येईल असा आदेश लवकरात लवकर व्हावा, ही नम्र विनंती.